बधिर बोटांना जाग कशी येते?

पंधरा-वीस वर्षें मधुमेह अंगीं मुरलेले एखादे वयस्क गृहस्थ सायंकाळीं फिरावयास निघतात. शंभरएक पावलें गेल्यावर मागून एक मुलगा धांवत येतो आणि म्हणतो, "आजोबा, तुमची चप्पल मागें राहिली कीं!" ते खालीं पाहतात. एका पायांत चप्पल आहे, दुसरा पाय उघडा आहे. आणि त्या उघड्या पायानें आपल्या धन्याला कांहींच कळविलेलें नाहीं. घरीं गेल्यावर ही हकीकत हंसण्यावारी नेली जाते. "अलीकडे फारच विसरूं लागलां आहां," असें आजीबाई म्हणतात. परंतु विसरले ते आजोबा नव्हेत. विसरला तो त्यांचा पाय. रस्त्याचा खरखरीतपणा, चपलेच्या अंगठ्याची पकड, खड्याची टोंचणी, हें सर्व ज्या वाटेनें मेंदूकडे जावयाचें ती वाटच हळूहळू ओस पडत चालली आहे.

ही वाट म्हणजे ज्ञानतंतु. तो तुटला, चिरडला गेला, किंवा रोगानें झिजला, तर पुन्हां पहिल्यासारखा होऊं शकतो काय? होत असेल तर कोणाच्या बळावर? ह्या प्रश्नाचें जें उत्तर विसाव्या शतकांत हातीं आलें तें मोठें विलक्षण आहे. शरीरांतील कांहीं द्रव्यें अत्यंत अल्प प्रमाणांत असतात. परंतु तीं ज्ञानतंतूंस जगवितात, वाढवितात आणि जखमेनंतर पुन्हां वाटेस लावतात. ह्या द्रव्यांस वर्धक द्रव्यें म्हणतां येईल. त्यांपैकीं जें सर्वांत आधीं सांपडलें त्याला डॉक्टर लोक "नर्व्ह ग्रोथ फॅक्टर" म्हणतात. ज्ञानतंतुवर्धक हें नांव त्यास मराठींत शोभेल.

प्रथम ज्ञानतंतूची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. तापलेल्या तव्याला बोट लागतें आणि विचार करण्यापूर्वींच हात मागें येतो. ही बातमी बोटाच्या कातडीखालीं पसरलेल्या सूक्ष्म टोंकांनीं टिपलेली असते. पण हीं टोंकें म्हणजे स्वतंत्र जीव नव्हेत. ज्या पेशीचीं तीं टोंकें, ती पेशी बोटांत नसून पाठीच्या कण्याला लागून, दोन मणक्यांच्या फटीजवळ, आपल्या सोबतिणींच्या पुंजक्यांत बसलेली असते. हाताच्या पेशी मानेच्या बाजूस, पायाच्या पेशी कमरेच्या बाजूस. तेथून प्रत्येक पेशी आपला एक तंतु थेट कातडीपर्यंत धाडते, आणि त्याचाच दुसरा फांटा मज्जारज्जूंत शिरतो. पायाच्या अंगठ्याकडे जाणारा तंतु प्रौढ माणसांत सुमारें एक मीटर लांब असतो. त्या मानानें पेशीचा देह किती लहान! तो मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढा धरला, आणि ही पेशी सुपारीएवढी मोठी झाली अशी कल्पना केली, तर तिचा तंतु अर्धा किलोमीटर लांब पसरेल.

एवढ्या लांबच्या टोंकाचा संसार चालवावयाचा म्हणजे दळणवळण अखंड हवें. टोंकाशीं लागणारीं बहुतेक प्रथिनें पेशींतच तयार होतात आणि तंतूच्या आंतून वाहून नेलीं जातात. त्यांतील जलद जाणारा माल दिवसाला चाळीस सेंटिमीटरपर्यंत मजल मारतो. उलट दिशेनेंही वाहतूक चालते. टोंकाशीं जें गोळा झालें त्यांतील कांहीं भाग परत पेशीकडे येतो. ही परतीची वाहतूक पुढील सर्व कथेचा पाया आहे.

आतां हा तंतु तुटला तर काय होतें? इंग्लंडांतील डॉक्टर ऑगस्टस वॉलर यांनीं १८५० सालीं बेडकाच्या जिभेचे तंतू कापून ह्या प्रश्नाचा प्रथम छडा लावला. कापलेल्या जागेपलीकडचा भाग, म्हणजे पेशीपासून तुटलेला भाग, थोड्याच दिवसांत तुकडे तुकडे होऊन नाहींसा होतो. पेशीकडील भाग मात्र टिकतो. झाडाची फांदी तोडली तर फांदी वाळते, बुंधा राहतो, तसाच हा प्रकार. पुढें स्पेनचे थोर शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनीं वाढत्या तंतूच्या अग्रभागीं एक चंचल फुगवटा असतो असें दाखविलें. हा फुगवटा चांचपडत, वळत, अडथळा टाळीत पुढें सरकतो. तुटलेल्या तंतूच्या उरलेल्या टोंकालाही असाच अंकुर फुटतो आणि तो जुन्या वाटेनें निघतो. त्याची चाल मात्र गोगलगाईलाही लाजविणारी आहे. अनुकूल परिस्थितींत दिवसाला सुमारें एक मिलिमीटर. मनगटाशीं तुटलेला तंतु बोटाच्या शेंड्यापर्यंत पोहोंचावयास सहा महिने लागावेत, हें त्यावरून सहज कळेल.

हा अंकुर जगतो कशावर, आणि त्याला पुढें कोण बोलावतें? काहालसारख्या जाणकारांनीं त्यामागें कांहीं रासायनिक आकर्षण असावें असा तर्क केला होता. तें द्रव्य प्रत्यक्ष हातीं लागण्याची हकीकत मात्र एका विदुषीच्या निजण्याच्या खोलींतून सुरू होते.

रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांचा जन्म १९०९ सालीं इटलींतील तुरीन शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. मुलींनीं विश्वविद्यालयांत जाऊं नये असें वडिलांचें मत. तरीही त्यांनीं वडिलांचें मन वळविलें, वैद्यकाचा अभ्यास केला, आणि १९३६ सालीं त्या पदवीधर झाल्या. दोनच वर्षांनीं मुसोलिनीच्या सरकारनें वंशभेदाचे कायदे केले आणि ज्यू विद्वानांस विद्यापीठांचे दरवाजे बंद झाले. थोडे दिवस ब्रुसेल्स येथें काढून रीताबाई घरीं परतल्या. प्रयोगशाळा मिळावयाची नाहीं, तर घरांतच प्रयोगशाळा कां करूं नये? निजावयाच्या खोलींत एक सूक्ष्मदर्शक यंत्र, अंडीं उबविण्याची पेटी, आणि शिवणाच्या सुया घासून केलेलीं हत्यारें एवढ्या सामग्रीवर काम सुरू झालें. त्यांचे गुरु जुझेप्पे लेव्ही यांनाही पदच्युत व्हावें लागलें होतें. तेच शिष्येच्या खोलींत मदतनीस म्हणून येऊं लागले.

प्रयोगाचा विषय होता कोंबडीचा गर्भ. व्हिक्टर हाम्बुर्गर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें अमेरिकेंत काम करून १९३४ सालीं असें दाखविलें होतें कीं, गर्भावस्थेंत पिलाच्या पंखाचा अंकुर काढून टाकला, तर त्या अवयवाकडे जाणाऱ्या ज्ञानतंतूंच्या पेशींचा पुंजका फार लहान राहतो. त्यांचा समज असा झाला कीं, अवयवाकडून येणारा संदेश न मिळाल्यामुळें नव्या पेशी घडतच नाहींत. रीताबाईंनीं तोच प्रयोग करून दिवसागणिक गर्भ तपासले. त्यांना निराळेंच दिसलें. पेशी घडत होत्या, आपले तंतू धाडीतही होत्या. परंतु जावयाचें ठिकाण नाहीं असें आढळून आल्यावर त्या मरत होत्या. न जन्मणें आणि जन्मून उपासमारीनें मरणें ह्यांत जो फरक, तोच ह्या दोन मतांत होता. दुसरें मत खरें असेल, तर अवयवाकडून पेशीला कांहीं तरी जीवनावश्यक वस्तु मिळत असली पाहिजे.

तुरीनवर बाँब पडूं लागले तेव्हां कुटुंब खेड्यांत गेलें, आणि प्रयोगशाळाही त्यांच्या बरोबर एका लहानशा घराच्या कोपऱ्यांत गेली. रीताबाई सायकलवरून शेतकऱ्यांच्या दारोदार अंडीं मागत हिंडत. इटलींत ज्यूंचे लेख छापले जात नसत, म्हणून निष्कर्ष बेल्जममधील नियतकालिकाकडे पाठविले गेले. युद्ध संपल्यावर तेच लेख हाम्बुर्गर यांच्या वाचनांत आले. आपल्या मताचें खंडन करणाऱ्या ह्या बाईंस त्यांनीं रागानें नव्हे, आदरानें पत्र लिहिलें, आणि सेंट लुइ येथें येऊन दोघांनीं मिळून प्रश्न सोडवावा असें सुचविलें. १९४७ सालीं रीताबाई तेथें गेल्या त्या कांहीं महिन्यांपुरत्या; राहिल्या मात्र जवळजवळ तीस वर्षें.

त्याच सुमारास, १९४८ सालीं, हाम्बुर्गर यांचे एक पूर्वीचे विद्यार्थी एल्मर ब्यूकर यांनीं उंदराच्या कर्करोगाच्या गांठीचा तुकडा कोंबडीच्या गर्भावर लावून पाहिला. त्या गांठींत गर्भाचे ज्ञानतंतू दाटीनें शिरलेले आढळले. रीताबाईंनीं हा प्रयोग पुढें नेला. गांठ गर्भाच्या अंगाला न लावतां, अंड्याच्या आंतील रक्तवाहिन्यांच्या पडद्यावर दूर ठेवली, तरीही गर्भाचे तंतू बेफाम वाढले. गांठीचा आणि पुंजक्याचा स्पर्शच झाला नव्हता. त्या अर्थी गांठींतून कांहीं द्रव्य रक्तांत मिसळत होतें, हें उघड झालें.

परंतु अंड्यांतील गर्भावर प्रयोग करावयाचा म्हणजे दिवस जातात. शरीराबाहेर, कांचेच्या तबकडींत पेशी वाढविण्याची कला अवगत असलेल्या हेर्टा मायर ह्या विदुषी ब्राझिलमध्यें रिओ द जानेरो येथें काम करीत होत्या. १९५२ सालीं रीताबाई गांठ असलेले उंदीर बरोबर घेऊन विमानानें तेथें गेल्या. तबकडींत एका बाजूस ज्ञानतंतुपेशींचा पुंजका, दुसऱ्या बाजूस गांठीचा कण. एका दिवसाच्या आंत पुंजक्याभोंवतीं तंतूंचें असें दाट वलय उमटलें कीं, सूर्याभोंवतीं किरणें काढावींत तसें तें दिसावें. आतां एखाद्या अर्कांत तें द्रव्य आहे कीं नाहीं हें पाहावयास आठवडे नकोत. एक रात्र पुरे.

पुढील काम रसायनज्ञाचें होतें. तें स्टॅन्ले कोहेन यांनीं १९५३ पासून हातीं घेतलें. तें द्रव्य प्रथिन आहे कीं पेशीच्या केंद्रांतील अम्ल, हें ठरविण्यासाठीं त्यांनीं अर्कांत थोडें सर्पविष घातलें. कारण सर्पविषांत तें अम्ल तोडणारा पदार्थ असतो. अपेक्षा अशी कीं, अम्ल असेल तर परिणाम नाहींसा होईल. झालें उलटेंच. वलय पूर्वींपेक्षां दाट झालें. खुद्द सर्पविषांतच तें वर्धक द्रव्य गांठीपेक्षां कितीतरी पटींनीं अधिक भरलेलें होतें! कोहेन यांनीं पुढें विचार केला कीं, सापाची विषग्रंथि म्हणजे इतर प्राण्यांच्या लाळेच्या ग्रंथीचीच बहीण. मग उंदराच्या लाळग्रंथींत कां शोधूं नये? नर उंदराच्या जबड्याखालील ग्रंथींत तें विपुल सांपडलें. ज्या वस्तूचा कण मिळणें दुष्कर होतें ती आतां शुद्ध करण्याइतकी हातीं आली. १९७१ सालीं तिची घडण उलगडली. ११८ अमिनो अम्लांची एक सांखळी आणि अशा दोन सांखळ्यांची जोडी, असें हें प्रथिन आहे. १९८६ सालीं रीताबाई व कोहेन या दोघांस वैद्यकाचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें. रीताबाई १०३ वर्षें जगल्या. २०१२ सालच्या डिसेंबरांत त्यांचें निधन झालें.

द्रव्य सांपडलें एवढ्यानें त्याची आवश्यकता सिद्ध होत नाहीं. तें काढून घेतल्यावर काय होतें हेंही पाहिलें पाहिजे. कोहेन यांनीं ह्या प्रथिनाला निकामी करणारा रक्तद्रव ससे वापरून तयार केला, आणि तो नुकत्याच जन्मलेल्या उंदरांस टोंचला. हृदय, आंतडीं, घामाच्या ग्रंथी वगैरेंवर आपोआप ताबा ठेवणाऱ्या तंतूंच्या पेशी त्यांच्या अंगांत जवळजवळ नाहींशा झाल्या. पुढें १९८० सालीं गिनीपिगवर केलेल्या प्रयोगांत, आईच्या उदरांत असतांनाच पिलांना ह्या द्रव्याची वाण पडली तर ज्ञानतंतूंच्या पेशीही मोठ्या संख्येनें मरतात असें दिसून आलें.

हें द्रव्य काम कसें करतें तें एका दृष्टांतानें समजेल. पूर्वीं कोंकणांतल्या कित्येक घरांची चूल मुंबईच्या मनिऑर्डरीवर पेटत असे. घर कोंकणांत, मिळवता मुलगा मुंबईंत. घरानें मुलाला वाढवून दूर धाडलें. आणि आतां त्या दूरच्या शहरांतून महिन्याच्या महिन्याला जें येई त्यावर घर उभें राही. पोस्टमन यावयाचा थांबला म्हणजे घराला अवकळा येई. पेशीचेंही तसेंच आहे. ती आपला तंतु बोटाकडे धाडते. बोटाची कातडी अगदीं थोडें वर्धक द्रव्य तयार करते. तंतूच्या टोंकावर तें पकडण्याची खास खुंटी असते. तिच्यावर द्रव्य बसलें म्हणजे खुंटी आणि द्रव्य दोन्ही मिळून एका सूक्ष्म बुडबुड्यांत शिरतात आणि परतीच्या वाहतुकीनें पेशीपर्यंत जातात. तेथें त्यांचा निरोप एकच असतो: "पलीकडचें ठिकाण शाबूत आहे; जग आणि माल पाठवीत राहा." कातडींत द्रव्य थोडें असतें म्हणून जितक्या पेशींस तें पुरेल तितक्याच राहतात, बाकीच्या गर्भावस्थेंतच गळून जातात. तंतू आणि अवयव ह्यांचें प्रमाण असें आपोआप जुळतें.

जखम झाली म्हणजे ही मनिऑर्डर एकाएकीं बंद पडते. कांहीं पेशी त्या धक्क्यानें मरतात. पुष्कळ जगतात पण खंगतात. उंदरांवरील प्रयोगांत तुटलेल्या तंतूच्या टोंकाशीं बाहेरून वर्धक द्रव्य पुरविलें, तेव्हां मरणाऱ्या पेशी पुष्कळ अंशीं वांचल्या. निसर्गानेंही अशीच एक तात्पुरती सोय करून ठेवली आहे. प्रत्येक तंतूभोंवतीं आवरण घालणाऱ्या निराळ्या पेशींची रांग असते. तंतूचा तुटलेला भाग कुजूं लागला म्हणजे रक्तांतील सफाई करणाऱ्या पेशी तेथें येऊन केरकचरा खातात. आणि त्यांच्याकडून इशारा मिळतांच आवरणपेशी आपलें नेहमींचें काम सोडून स्वतःच वर्धक द्रव्य तयार करूं लागतात. शिवाय त्या एकामागें एक ओळीनें उभ्या राहून जुन्या वाटेची पोकळ नळी कायम राखतात. घराचा आधार दूर गेला असतां शेजाऱ्यांनीं चार महिने शिधा पुरवावा, तशी ही मदत आहे. अंकुर त्या नळींतून, ठिकठिकाणीं मिळणाऱ्या शिध्यावर, मिलिमीटर मिलिमीटर पुढें सरकतो. आणि अखेर कातडी गांठली म्हणजे कायमची मनिऑर्डर पुन्हां चालू होते. बोटाला प्रथम मुंग्या येतात, मग टोंचल्याची जाणीव, आणि शेवटीं नाजुक स्पर्श.

ह्या सोयीला दोन मर्यादा आहेत. एक काळाची. शेजाऱ्यांचा शिधा अखंड पुरत नाहीं. कांहीं महिने लोटले आणि तंतु आलाच नाहीं, तर आवरणपेशी थकतात व वाट बुजूं लागते. म्हणूनच हाताचा ज्ञानतंतु तुटला असतां कुशल शस्त्रवैद्याकडून तो लौकर जोडून घ्यावा. "पाहूं पुढें" म्हणून दिवस घालवूं नयेत. दुसरी मर्यादा स्थळाची. मेंदु व मज्जारज्जु यांच्या आंत आवरणपेशी निराळ्या जातीच्या असतात. त्या वाट मोकळी करण्याऐवजीं अडवितात. त्यामुळें हाताचा तंतु पुन्हां वाढतो, पण मज्जारज्जूंत शिरणारा त्याचा फांटा तुटला तर तो वेशीवरच अडून बसतो. २००० सालीं लंडन येथें उंदरांवर केलेल्या प्रयोगांत कांहीं वर्धक द्रव्यें मज्जारज्जूभोंवतीं सोडल्यावर असे अडलेले तंतू वेस ओलांडून आंत शिरले, हें आशेचें चिन्ह आहे. मात्र त्याचा रुग्णांना उपयोग होईल असा उपचार अद्याप सिद्ध झालेला नाहीं.

वर्धक द्रव्य एकच नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. १९८२ सालीं डुकराच्या मेंदूंतून दुसरें वेगळें काढण्यांत आलें, आणि मग ह्या कुटुंबांतील आणखी कांहीं ओळखीचीं झालीं. वेदना व उष्णता टिपणारे बारीक तंतू पहिल्या द्रव्यावर वाढतात. डोळे मिटूनही आपला हात कोठें आहे हें सांगणारे जाड तंतू दुसऱ्याच एका द्रव्याच्या आधारानें जगतात. फार थोड्या मुलांना जन्मतः वेदना अशी समजतच नाहीं आणि घामही येत नाहीं. पहिलें द्रव्य पकडणारी खुंटीच त्यांच्यांत सदोष असते, हें १९९६ सालीं उघडकीस आलें. अशीं मुलें नकळत आपली जीभ चावतात, हात भाजून घेतात, मोडलेल्या पायानें चालत राहतात. वेदना ही केवढी दक्ष दाई आहे हें त्यांच्याकडे पाहिल्यावर कळतें.

मग मधुमेहानें बधिर झालेल्या पायांस हें द्रव्य टोंचून कां देऊं नये? हा विचार शास्त्रज्ञांनीं केला होता. आधींच्या लहान चांचण्यांनीं आशा वाढविली. त्यानंतर १,०१९ रुग्णांवर ४८ आठवड्यांची मोठी चांचणी झाली आणि तिचा निकाल २००० सालीं प्रसिद्ध झाला. औषध घेतलेले व नुसतें पाणी टोंचलेले ह्यांच्यांत महत्त्वाचा फरक दिसला नाहीं. त्याचीं कारणें अनेक सांगितलीं जातात. हें द्रव्य कातडीखालीं टोंचलें कीं ती जागा दुखते, त्यामुळें मात्रा फार वाढवितां येत नाहीं. शिवाय मधुमेहांत बारीक रक्तवाहिन्या आणि तंतू दोन्ही वर्षानुवर्षें झिजत असतात; एका द्रव्याच्या पुरवठ्यानें ती सर्व झीज भरून निघेल अशी अपेक्षा बहुधा भाबडीच होती.

द्रव्य टोंचलें कीं दुखतें, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाहीं. जें द्रव्य वेदनेच्या तंतूंस जगवितें तेंच त्यांस अधिक तीव्रही करतें. सुजलेल्या, संधिवात झालेल्या सांध्यांत तें वाढलेलें असतें. त्यावरून उलट उपायही योजण्यांत आला. ह्या द्रव्याला बांधून ठेवणारें औषध गुडघेदुखीच्या रोग्यांस दिलें गेलें. वेदना कमी झाली खरी, परंतु कांहींचे सांधे झपाट्यानें ढासळले. अमेरिकेच्या औषधनियामक संस्थेच्या सल्लागार मंडळानें २०२१ सालीं त्याविरुद्ध कौल दिला आणि तें औषध मागें पडलें.

यश आलें तें एका अनपेक्षित जागीं, डोळ्यांत. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यावर ज्ञानतंतूंचें अतिशय दाट जाळें असतें. म्हणून तर धुळीचा एक कणही सहन होत नाहीं. नागीण, शस्त्रक्रिया किंवा मधुमेह ह्यांमुळें तें जाळें मेलें, तर पडदा बधिर होतो, त्यावर व्रण पडतात आणि ते भरून येत नाहींत. प्रसंगीं दृष्टि जाते. ह्या विकारावर ज्ञानतंतुवर्धकाचे थेंब युरोपांत २०१७ सालीं आणि अमेरिकेंत २०१८ सालीं मान्य झाले. दिवसांतून सहा वेळां, आठ आठवडे ते घालावयाचे. चांचण्यांत हे थेंब घेतलेल्या शंभरांपैकीं सुमारें ७० रुग्णांचे व्रण पूर्ण भरले. औषधाविना नुसते थेंब घेतलेल्यांत हें प्रमाण २८ होतें. पायांत जें साधलें नाहीं तें डोळ्यांत कां साधलें ह्याचा विचार केला तर दिसतें कीं, येथें औषध नेमकें हवें तेथेंच पडतें आणि अंकुरास मीटरभर नव्हे, फार थोडें अंतर चालावयाचें असतें.

ह्या देशाला ह्या विषयाचें आणखी एका कारणानें महत्त्व आहे. जगांतील कुष्ठरोगाच्या नव्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक भारतांत आढळतात. ह्या रोगाचे जंतू ज्ञानतंतूंच्या आवरणपेशींतच बिऱ्हाड करतात. बोटें झडतात अशी जी जुनी समजूत ती खरी नव्हे. बोटें बधिर होतात, आणि मग चटके, ओरखडे व न जाणवलेल्या जखमा त्यांचा नाश करतात. अशा बधिर कातडींत वर्धक द्रव्याचें प्रमाण घटलेलें असतें असें १९९४ सालीं दाखविण्यांत आलें. जंतूंस मारणारीं औषधें आज विनामूल्य मिळतात, आणि तंतू पुरते मरण्यापूर्वीं तीं सुरू झालीं तर हातपाय वांचतात. एखाद्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा झाला तर तो लपवूं नये, डॉक्टरांस दाखवावा, हें सांगणें म्हणूनच अगत्याचें आहे.

तर मग आरंभींच्या त्या आजोबांनीं काय करावें? त्यांच्या पायांतील गेलेली जाग परत आणील असें वर्धक द्रव्याचें औषध आज बाजारांत नाहीं. कोणी तसें सांगून विकूं लागला तर त्यावर विश्वास ठेवूं नये. परंतु उरलेले तंतू राखणें पुष्कळ अंशीं त्यांच्या हातीं आहे. रक्तांतील साखर ताब्यांत ठेवली तर झीज मंदावते. स्नानाचें पाणी पायानें नव्हे, कोपरानें पाहावें, किंवा घरांतील दुसऱ्या कोणी पाहावें. गरम पाण्याची पिशवी पायाशीं घेऊं नये. घरांतही अनवाणी फिरूं नये. आणि निसटणाऱ्या चपलेऐवजीं मागें पट्टा असलेली वापरावी.

आणि रोज रात्रीं निजण्यापूर्वीं एक गोष्ट न चुकतां व्हावी. नातवानें दिवा धरावा, आजोबांनीं पाय पुढें करावा, आणि आजीबाईंनीं चष्मा लावून टांच, तळवा आणि प्रत्येक बोटाच्या मधील जागा पाहावी. कोठें भेग, कोठें फोड, कोठें रुतलेला खडा. ज्ञानतंतूंनीं जी बातमी आणावयाची ती कांहीं काळ घरच्या माणसांच्या डोळ्यांनीं आणावी लागेल, एवढेंच.